९०० तास झाले, आता पुढे काय?

पत्र हडपसरहून आलंय, एका तरुण पायलटचं. नाव नको म्हणालाय म्हणून देत नाहीये, आणि फार मोठं होतं म्हणून मधलं थोडं कापलंय, बाकी शब्द त्याचेच, कंसातलं माझं.

"ताई, वय २६. सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) होऊन तीन वर्षं झाली. एअरलाइनच्या जाहिरातीची वाट बघत एक वर्ष घरी काढलं, मग इन्स्ट्रक्टर रेटिंग केलं आणि आता दोन वर्षं एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतोय. पुढच्या महिन्यात ९०० तास होतील. पगार ५५ हजार, तोही कधी दहा तारखेला तर कधी पंचवीसला. लोन ४५ लाखांचं, हप्ता ५६ हजार, तो अजून बाबाच भरतात. समोर चार रस्ते आहेत. एक एजंट म्हणतो बाहेर जाऊन ए३२० चं टाइप रेटिंग (त्या एका एअरबस विमानापुरता परवाना) करून ये, १६ लाख लागतील, आल्यावर बॅचमध्ये बसवतो. मुंबईच्या एका चार्टर कंपनीत किंग एअरवर को-पायलटची जागा आहे, तीन वर्षांचा बॉण्ड. एका एटीआरवाल्या (पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानांच्या) कंपनीची रिटन (लेखी परीक्षा) आहे दोन महिन्यांनी. आणि आमचे सीएफआय (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर) म्हणतात इथेच थांब, दोन वर्षांत डेप्युटी करतो. आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, बाहेर न बघता उपकरणांवर उडायचा परवाना) नोव्हेंबरमध्ये संपतंय. बाबा मांजरीचा एक गुंठा विकायला निघालेत. बॅचमधले सहा जण एअरबसवर गेले. मी मागे पडलो का?"

अरे, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच तुला झोपू देत नाहीये असं दिसतंय. नाही, मागे पडला नाहीस. ते सहा जण गेले कारण ते तयार होते तेव्हा भरती चालू होती आणि तू तयार झालास तेव्हा थांबली होती, यात हुशारीचा भाग फार थोडा आहे. मी स्वतः तीन वर्षं शिकवलंय, मग चार्टर, मग एटीआर, मग एअरबस, आणि आज माझ्या शेजारी बसणारे काही जण २०० तासांवर थेट आलेले असतात तर काही जण पाच वर्षं शिकवून आलेले. कोण कधी आलं हे महिनाभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तुमच्या पिढीचा एक गोंधळ आधी सोडवते. यूट्यूबवर अमेरिकेतल्या पायलटांचे व्हिडिओ बघून बघून सगळ्यांना वाटतं की शिकवायचं, १५०० तास करायचे, की एअरलाइन दारात उभी. तिकडे ते खरं आहे कारण तिकडे तसा कायदा आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यानंतर २०१० मध्ये कायदा आला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स) लागतं, म्हणजे साधारण १५०० तास, म्हणून तिकडे मुलं शिकवतात, बॅनर ओढतात, पाइपलाइनवरून सर्वे करतात, कॅरॅव्हॅन नावाच्या छोट्या विमानातून पार्सलं नेतात. आपल्याकडे २०० तासांच्या सीपीएलवर को-पायलट होता येतं. त्यामुळे इथे ९०० तास झाले म्हणून रांगेत कुणी आपोआप पुढे घेत नाही, आणि तो बॅनरवाला मधला बाजारही इथे जवळपास नाहीच. इथे जागा निघते तेव्हा कागद पूर्ण असलेला, रिटन पास होणारा, सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) हात चालणारा मुलगा लागतो. तासांनी फरक पडतो, पण ते तास कसले आहेत यावर.

म्हणून आज रात्री जेवण झालं की लॉगबुक घेऊन बस आणि ९०० ची फोड कर. किती रात्रीचे, किती इन्स्ट्रुमेंटचे, किती क्रॉस कंट्री म्हणजे लांब पल्ल्याचे, किती मल्टीवर म्हणजे एकाहून जास्त इंजिनांच्या विमानावर. मी माझं केलं होतं तेव्हा पोटात गोळा आला होता, सातशेच्या वर तास होते आणि त्यातले बहुतेक सर्किटमधले, म्हणजे उजवीकडे बसून एकाच धावपट्टीभोवती घिरट्या, दिवसाउजेडी. आपल्याकडच्या एटीपीएलला (तेच एअरलाइनचं वरचं लायसन्स) नुसते १५०० पुरत नाहीत, त्यात रात्रीचे १०० लागतात, इन्स्ट्रुमेंटचे १०० लागतात, क्रॉस कंट्रीचा वेगळा हिशोब आहे. सर्किटमध्ये अजून ६०० तास घातलेस तरी हे रकाने भरत नाहीत. तेव्हा जितके दिवस तिथे आहेस तितके दिवस सीएफआयना जाऊन सांग की मला रात्रीचे स्टुडंट द्या, क्रॉस कंट्रीचे द्या, आयआरची तयारी करणारे द्या. रात्रीचं कुणाला नको असतं, तू माग.

आणि शिकवण्याला कमी लेखू नकोस. तू पत्रात तीनदा "नुसतं इन्स्ट्रक्टर" लिहिलंयस, मला वाईट वाटलं वाचून. स्टुडंट फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायला, उशीर करतोय, पट्टी वर येतेय, तुझा हात योकपासून दोन बोटांवर आहे, पाय रडरवर टेकलेत पण दाबलेले नाहीत, आणि तू ठरवतोयस की अजून अर्धा सेकंद त्याला देऊ का आता मी घेऊ. हे तू दिवसातून वीस वेळा करतोस. मी आज नवीन एफओला (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट) लँडिंग देते तेव्हा नेमकं हेच करते, फक्त मागे १८० माणसं असतात. अजून एक, तू उजव्या सीटवर बसतोस, उजव्या हातात योक आणि डाव्या हातात थ्रॉटल. एअरबसच्या एफओचंही तेच, उजव्या हातात साइडस्टिक, डावा हात थ्रस्ट लिव्हरवर. फ्लाइंग स्कूलच्या डाव्या सीटवरून थेट आलेल्या मुलांचे पहिले काही सिम सेशन हात बदलण्यातच जातात, तुझे जाणार नाहीत. इंटरव्ह्यूमध्ये हे बोल, स्पष्ट बोल. शिकवताना एकदा तरी असा प्रसंग आला असेल की कंट्रोल घ्यायला उशीर झाला किंवा उगाच लवकर घेतलं, तो खरा सांग, काय शिकलास ते सांग. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा समोरच्याला ते जास्त पटतं.

आता एजंट. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

१६ लाख देऊन, हातात कुठल्याही कंपनीचं पत्र नसताना टाइप रेटिंग करू नकोस. "बॅचमध्ये बसवतो" हे कुठल्या कंपनीच्या लेटरहेडवर लिहून देतोय का विचार त्याला, बघ काय होतं. टाइप रेटिंग हे पदवीसारखं नसतं की एकदा घेतलं आणि भिंतीवर लावलं. बाहेरून करून आलास की डीजीसीएकडून (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) ते लायसन्सवर चढवून घ्यायचं, त्याला रीसन्सी म्हणजे अलीकडचं उडणं लागतं, मग दर सहा महिन्यांनी सिममध्ये चेक, आणि नोकरी नसेल तर तो प्रत्येक चेक तुझ्या खिशातून. वर्षभर भरती नाही निघाली तर तुझ्याकडे ए३२० चं रेटिंग आणि ए३२० चे शून्य तास. मग टाइप रेटेडची जाहिरात निघते तेव्हा तुझ्यासमोर कोण उभं असतं ते बघ. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, ७३७ वर हजारो तास केलेली माणसं एका रात्रीत बाजारात. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तिथली सगळी विमानं ए३२० घराण्यातली, तिथली सगळी माणसं नेमक्या तुझ्या रेटिंगची. कंपनीने तुला घेतलंच तरी बहुतेक वेळा स्वतःच्या एसओपीवर (कामाच्या ठरलेल्या पद्धतीवर) पुन्हा सिम करायला लावते, म्हणजे १६ लाखांतले किती वाया गेले ते तूच मोज.

माझ्याबरोबर शिकवणारा एक मुलगा असाच गेला होता. त्याच्या आईने दागिने गहाण ठेवले होते. रेटिंग झालं, परत आला, पंधरा महिने बसून राहिला, रेटिंग लॅप्स झालं आणि तोपर्यंत मल्टीचं आयआरही गेलं होतं, म्हणजे जिथून निघाला त्याच्याही मागे. शेवटी पुन्हा शिकवायला लागला, आयआर केलं, आणि चार वर्षांनी कंपनीच्याच टाइप रेटिंगवर लागला, आता चांगला कॅप्टन आहे. पण ती चार वर्षं मी त्याच्या घरी जात होते, म्हणून हे असं लिहितेय.

तू म्हणशील ऑर्डरी तर केवढ्या आहेत. आहेतच. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोने ५०० ची, २०२४ च्या जानेवारीत अकासाने १५० ची, आणि एका विमानाला साधारण दहा-बारा पायलट लागतात, म्हणून मोबाइलवर फिरणारे ते आकडे बघून सगळ्यांना वाटतं की आता काय, पायलटच कमी पडणार. पण ती विमानं दहा वर्षांत थोडी थोडी येणार आहेत, आणि कमी पडतात ते कॅप्टन आणि ट्रेनर. नवीन एफओला लाइनवर सोडायला ट्रेनिंग कॅप्टन लागतो, सिमचा स्लॉट लागतो, त्यामुळे दरवाजा मोठा असला तरी एका वेळी थोडेच आत घेता येतात. मागणी खरी आहे आणि तुला थांबावं लागणं पण खरं आहे, दोन्ही एकदम. डिसेंबर २०२५ मध्ये ड्युटीच्या नवीन नियमांवरून इंडिगोची फ्लाइटं रद्द झाली तेव्हा घरोघरी लोकांना कळलं की पायलटांच्या विश्रांतीचे तास म्हणजे काय प्रकार आहे. विश्रांती वाढली की माणसं जास्त लागतात, ते तुझ्या बाजूचंच आहे, पण म्हणून उद्या सकाळी फोन येईल असं धरून बाबांना गुंठा विकायला लावू नकोस.

चार्टरबद्दल. मी स्वतः ते केलंय आणि मला त्याने खूप शिकवलं, म्हणून नको असं म्हणणार नाही. किंग एअर म्हणजे टर्बाइन, दोन इंजिनं, प्रेशराइज्ड केबिन, खरं वेदर, आणि दर वेळी वेगळी पट्टी. एका आठवड्यात जुहू, शिर्डी, नांदेड आणि कुठलीतरी अशी पट्टी जिथे विंडसॉकसुद्धा फाटलेला असतो. इन्स्ट्रुमेंटचे तास होतात, मल्टीचे होतात, तुझ्या लॉगबुकात नेमके जे रकाने रिकामे आहेत ते भरतात. पण कंपनीकंपनीत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो जाहिरातीत दिसत नाही. तेव्हा तिथे आत्ता असलेल्या को-पायलटला शोध, ऑफिसात नाही, बाहेर चहाला भेट, आणि विचार की महिन्याला खरे किती तास होतात. मी ऐकलंय ३० सांगून १० देणारे. विचार की कॅप्टन तुला उडवायला देतात का नुसता रेडिओ आणि बॅगा. विचार की रोस्टर असतं का रात्री अकराला फोन येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं विचार, की कॅप्टन नाही म्हणाला तर काय होतं.

हे शेवटचं जरा नीट सांगते. पावसाळ्यातली सकाळ होती, आम्ही निघायच्या तयारीत, जायचं तिथली पट्टी नजरेनेच उतरायची, उपकरणांवर खाली यायची सोय नसलेली, तिथून फोनवर सांगतायत की समोरचा डोंगर दिसत नाहीये. अशा पट्टीवर उतरायचं तर ५ किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं. पाहुण्यांची गाडी थेट विमानापाशी आलेली, त्यांचा माणूस घड्याळ दाखवतोय की साहेबांचा कार्यक्रम दहाला आहे. माझ्या कॅप्टनने हेडसेट काढला, खाली उतरले, हात जोडून म्हणाले साहेब, तासभर चहा घेऊ. बस, एवढंच. ऑफिसमधून फोनवर फोन, त्यांनी एकही उचलला नाही. पावणेदोन तासांनी निघालो. मी तेव्हा २७ ची होते आणि विमान कसं उडवायचं ते मला येत होतं, पण हे येत नव्हतं. असा कॅप्टन असलेली कंपनी मिळाली तर बॉण्ड असला तरी जा. नाही म्हणणाऱ्या कॅप्टनला काढून टाकणारी कंपनी असेल तर पगार दुप्पट दिला तरी नको, आई-बाबांना माहीत नसतं की हा प्रश्न विचारायचा असतो, तुला माहीत पाहिजे.

बॉण्ड घरी आण, एका वकिलाला दाखव, दोन-तीन हजार जातील, जाऊ देत. मी माझा न वाचता सही केला होता. मधेच सोडलं तर किती भरायचं, ती रक्कम दर वर्षी कमी होते का तीन वर्षं तेवढीच राहते, कंपनीने काढलं तर काय, विमान सहा महिने मेंटेनन्सला उभं राहिलं तर बॉण्डची मुदत पुढे सरकते का, हे सगळं लिहिलेलं असतं. कोरे चेक द्यायचे नाहीत. ओरिजिनल लायसन्स आणि लॉगबुक कुणाकडेही "फाइलला" ठेवायचं नाही. माझं पाच महिने अडकलं होतं, दुसरीकडून बोलावणं आलं तेव्हा दाखवायला कागद हातात नव्हते.

एटीआरची रिटन दे. यात मला विचार करण्यासारखं काहीच दिसत नाही. याला आत्ता ना पैसे लागतात ना बॉण्ड, फक्त अभ्यास लागतो, आणि पत्रात याला तू एक ओळ दिलीस. एटीआर छोटं म्हणून मुलं नाक मुरडतात. लहान सेक्टर, दिवसाला चार-सहा लँडिंग, दोन माणसांचं कॉकपिट, ऐन पावसाळ्यात ढगांखालून कोकणात उतरणं, दोन-तीन वर्षांत एटीपीएलचे सगळे रकाने भरतात आणि हातही पक्का होतो. तिकडून पुढे जेटवर गेलेले कितीतरी जण माझ्या माहितीत आहेत, मी एक. फक्त त्यांचाही बॉण्ड असेल, तोही वाच, आणि लक्षात ठेव की एअरलाइनमध्ये एकदा गेलास की २०१७ च्या डीजीसीए नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे आणि कमांडरला वर्षाची, त्यामुळे आज इकडे उद्या तिकडे असं होत नाही.

दोन महिने आहेत. सीपीएलचं मेट, नॅव्हिगेशन, रेग्युलेशन परत काढ, एटीपीएलच्या पेपरांची तयारी त्यातच होते, आणि स्टुडंटला शिकवतोस तेच मोठ्याने शिकव, सर्किटपलीकडचं तुझं स्वतःचं काय काय विसरलंय ते तेव्हा कळेल. पहाटेच्या सॉर्टी झाल्या की दुपारी थर्मल (तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा) सुरू झाल्यावर तसंही कुणी उडत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, तो वेळ झोपण्यात आणि कॅन्टीनमध्ये जातो हे मला चांगलं माहितीये.

स्कूलमध्ये थांबण्याचं. डेप्युटी होणं वाईट नाही, पण "दोन वर्षांत करतो" हे तोंडी आहे, आणि जिथे पगार पंचवीस तारखेला येतो तिथल्या तोंडी शब्दावर दोन वर्षं ठेवू नयेत. तुला शिकवणंच मनापासून आवडत असेल, पुढे सीएफआय, एक्झामिनर व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग लेखी घे आणि अभिमानाने राहा, आपल्याकडे चांगल्या इन्स्ट्रक्टरांची ओरडच आहे. पण तुझ्या पत्रात ते कुठे दिसलं नाही. दिसलं ते हे, तू लिहिलंयस की लहानपणी गच्चीवरून ग्लायडर बघायचास. मी पण हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरच पहिल्यांदा वर गेले, विंचची दोरी ताणली जाते, नाक एकदम आभाळाकडे, मग वर खटकन दोरी सुटते आणि सगळं शांत, खाली कालव्याची रेघ. ते ज्याने पाहिलंय त्याला उडत राहायचं असतं. मग स्कूलची नोकरी सोडू नकोस, पण ती उडत राहण्यासाठी धर, पुढचं काही हातात येईपर्यंत. राजीनामा अपॉइंटमेंट लेटर हातात पडल्यावरच.

तर माझा क्रम असा की शिकवत राहा, एटीआरची रिटन जीव लावून दे, चार्टरवाल्यांकडे चौकशी आतापासून सुरू कर आणि माणसं चांगली निघाली तर एटीआरचा निकाल काहीही लागो ते पण उघडं ठेव, एजंटचा नंबर ब्लॉक कर.

बाबांशी बोलताना एक कर. "जमीन विकू नका" एवढंच म्हणालास तर त्यांना वाटेल तू संकोचाने म्हणतोयस, आपले बाप तसेच असतात, पोराने नको म्हटलं की जास्तच जोर करतात. त्यांच्यासमोर कागद ठेव. हप्ता ५६, पगार ५५, एका बाजूला १६ लाख आणि त्यावर कुणाचीही सही नाही, दुसऱ्या बाजूला शून्य रुपये आणि दोन महिने अभ्यास. आणि त्यांना म्हण की गुंठा ठेवा, कंपनीने निवडलं आणि कंपनीनेच टाइप रेटिंगचे पैसे मागितले, तसे बऱ्याच जणी मागतात, तर तेव्हा लागेल. तेव्हा निदान समोर पत्र असेल. एका रविवारी त्यांना स्कूलवर घेऊन जा, उडायला नाही, नुसतं हॅंगरपाशी खुर्ची टाकून दे आणि तुझ्या स्टुडंटची पहिली सोलो बघू दे. तीन वर्षं ते हप्ता भरतायत आणि त्यांनी तुला काम करताना एकदाही पाहिलेलं नाही, तूच लिहिलंयस.

आणि आयआर. नोव्हेंबरमध्ये संपतंय, मल्टीचं विमान बऱ्याच स्कूलमध्ये एकच असतं आणि ते ऐन वेळी सर्व्हिसिंगला जातं, एक्झामिनरची तारीख मिळत नाही, मेडिकल पण त्याच सुमाराला आलं असेल तर बघ. रिटन पास झालास आणि आयआर लॅप्स निघालं तर सगळंच अडकेल. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की आधी सप्टेंबरचा स्लॉट लिहून घे, पाऊस असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि तारीख मिळाली की मला कळव.